सिव्हिलनंतर एम.टेक. करावं का? जालन्याच्या पाण्यावरून समजून घ्या 'एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंग'

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात अनेकांनी ऐकलेली असते. बियाण्यांच्या कंपन्या, स्टीलच्या सळ्या आणि मोसंबी या तीन गोष्टींवर या जिल्ह्याचं नाव देशभर पोचलं. पण २०१२-१३ च्या दुष्काळात याच सोन्याच्या पाळण्यात पिण्याचं पाणी उरलं नव्हतं. शहराला पिढ्यान्‌पिढ्या पाणी देणारा निजामकाळातला घाणेवाडी तलाव आटला आणि व्यापारी पेठ म्हणून मिरवणारं शहर टँकरच्या मागे धावू लागलं. पुढे पैठणच्या जायकवाडी धरणातून अंबडमार्गे पाइपलाइनने पाणी आलं. घाणेवाडी तलावातला गाळ काढण्यासाठी लोकही पुढे आले, त्यासाठी घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभा राहिला.

या सगळ्याचा एम.टेक.शी काय संबंध? संबंध थेट आहे. तलावात गाळ किती साचला, पाइप केवढ्या व्यासाचा हवा, पंप किती ताकदीचा हवा, पाणी शुद्ध कसं करायचं आणि वापरून झालेलं घाण पाणी कुठे सोडायचं, या प्रश्नांची उत्तरं ज्या शाखेत शिकवली जातात ती शाखा म्हणजे सिव्हिल आणि एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंग. दरवर्षी मराठवाड्यातून सिव्हिलची डिग्री घेऊन शेकडो मुलंमुली बाहेर पडतात. एम.टेक. म्हटलं की त्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी उभी राहते ती बिल्डिंग. पाणी हा विषय 'स्कोप नाही' म्हणून मागे पडतो, आणि तोही अशा जिल्ह्यात जिथं सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे!

हे दोन विषय एकत्र का शिकवतात?

परदेशी विद्यापीठांच्या वेबसाइटवर 'सिव्हिल अँड एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंग' असा एकच विभाग दिसतो आणि अनेकांचा गोंधळ होतो. पर्यावरण म्हटलं की झाडं लावणं आणि प्लास्टिकबंदी एवढंच डोक्यात येतं.

खरं तर या विषयाचं जुनं नाव 'पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग', म्हणजे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी. कॉलरा आणि विषमज्वर थांबवण्यात डॉक्टरांइतकाच वाटा शुद्ध पाण्याचे नळ आणि बंदिस्त गटारं बांधणाऱ्या इंजिनिअरांचा होता. नळ आणि गटार ही बांधकामं असल्यामुळे विषय सिव्हिलच्या पोटात वाढला. नागपूरची 'नीरी' ही देशातली मोठी पर्यावरण संशोधन संस्था १९५८ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या नावातही सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच होतं. 'पर्यावरण' हा शब्द तिच्या नावात १९७४ मध्ये आला. पुढे हवेचं प्रदूषण, घनकचरा, कारखान्यांचं सांडपाणी आणि हवामान बदल असे विषय त्यात येत गेले.

आज एम.टेक.ला सिव्हिलच्या साधारण सहा वाटा फुटतात: स्ट्रक्चरल, जिओटेक्निकल म्हणजे माती आणि पाया, ट्रान्सपोर्टेशन, कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट, वॉटर रिसोर्सेस आणि एन्व्हायर्न्मेंटल. शेवटच्या दोघींमध्ये गल्लत होते. ढोबळ फरक असा की पाणी किती आहे, कुठून येतं आणि कुठे जातं, हे वॉटर रिसोर्सेसवाला बघतो. ते पाणी कसं आहे आणि ते पिण्यालायक किंवा सोडण्यालायक कसं करायचं, हे एन्व्हायर्न्मेंटलवाला बघतो. प्रत्यक्ष कामात दोघांना एकमेकांवाचून चालत नाही.

जालना शहराचं पाणी: वहीवर मांडलेला हिशोब

एम.टेक.मध्ये नेमकं काय शिकतात हे सिलॅबस वाचून कळत नाही, एखादं उदाहरण सोडवलं की कळतं. जालना शहराचंच घेऊ.

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साधारण २.८५ लाख होती. भुयारी गटारं असलेल्या किंवा होणार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावं, असं केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीत सांगितलेलं आहे. गुणाकार केला की रोजचे साधारण ३.८५ कोटी लिटर होतात. इंजिनिअरांच्या भाषेत ३८.५ एमएलडी, कारण एक एमएलडी म्हणजे दिवसाला १० लाख लिटर. हा आकडा २०११ च्या लोकसंख्येचा आहे. योजना मात्र पुढच्या ३० वर्षांसाठी आखतात, म्हणून आधी लोकसंख्या किती वाढेल याचा अंदाज बांधावा लागतो. इथं चूक झाली की पुढचं सगळं चुकतं. टाकी लहान पडते, नाहीतर मोठी टाकी रिकामी राहते आणि तिच्या कर्जाचे हप्ते नगरपालिका भरत बसते.

मग येतो उंचीचा मुद्दा. घाणेवाडीचं पाणी शहरात उताराने येत होतं, त्याला वीज लागत नव्हती. जायकवाडी मात्र जालन्यापेक्षा खाली आहे, त्यामुळे तिथलं पाणी पंपाने चढवत आणावं लागतं. एक एमएलडी पाणी १०० मीटर उंच चढवायला कागदावर सुमारे २७२ युनिट वीज लागते. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर हाच आकडा ३९० युनिटच्या जवळ जातो. पाइप लांब असेल तर आतल्या घर्षणाचा भार वेगळा. हा भार कमी करायचा म्हणून पाइप जाड घेतला, तर बांधकामाचा खर्च वाढतो. बारीक घेतला, तर वीजबिल कायमचं वाढतं. या दोघांच्या मधला सगळ्यात स्वस्त व्यास शोधणं हे एम.टेक.च्या पहिल्या सेमिस्टरला शोभेल असं गणित आहे. ते नीट न सोडवल्याची किंमत शहरं वर्षानुवर्षं थकलेल्या वीजबिलांच्या रूपात भरत राहतात.

यावरून निजामकाळातल्या त्या तलावाची किंमतही कळते. उताराने येणारं पाणी म्हणजे दर महिन्याला न येणारं बिल. तलावातला गाळ काढणं हे भावनेचं काम वाटतं, पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर ते पैशाच्या हिशोबातही बसतं.

आता दुसरी बाजू. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं धरतात. म्हणजे ३८.५ एमएलडी पाणी दिलं, तर जवळपास ३१ एमएलडी घाण पाणी तयार होतं. जालन्यात ते जाणार कुठे? शहरातून कुंडलिका नदी वाहते. सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प कोणत्या पद्धतीचा घ्यायचा, त्यातल्या जिवाणूंना हवा किती लागेल, विजेचा खर्च किती येईल आणि शुद्ध झालेलं पाणी स्टील कारखान्यांना थंडाव्यासाठी विकता येईल का, हा अस्सल एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंगचा विषय आहे. सळ्यांच्या कारखान्यांना पाणी लागतंच. ते पिण्याच्या दर्जाचंच असलं पाहिजे, असं मात्र नाही.

काळा पाषाण आणि शेततळ्यांचा वाद

शहर सोडून गावांकडे गेलं की प्रश्नाचं रूप बदलतं. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठही तालुक्यांच्या पोटात दख्खनचा बेसाल्ट आहे, म्हणजे आपला काळा पाषाण. हा खडक स्पंजसारखा पाणी धरत नाही. पाणी साठतं ते फक्त वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये.

किती साठतं? अशा खडकातून प्रत्यक्ष मिळू शकणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के धरतात. २ टक्के धरलं आणि एक हेक्टर रानाखाली पाण्याची पातळी एक मीटरने वाढली, तर हाती येतं २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. विहिरीतलं पाणी एक मीटरने वर आलेलं दिसलं की माणूस खूश होतो. पण जमिनीखाली खरोखर केवढी भर पडली, हे या गणिताशिवाय कळत नाही. बोअर ५०० फूट खाली नेऊनही कोरडं का निघतं, याचं उत्तरही इथंच आहे: खाली भेग नसेल तर पाणीही नसतं.

याच खडकावर जालना तालुक्यातल्या कडवंचीने नाव कमावलं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पाठबळावर तिथं माथा ते पायथा असं काम झालं. बांधबंदिस्ती झाली, चर खणले गेले, नाले अडवले गेले. नंतर गावात शेकडो शेततळी आली आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. आसपासच्या गावांत टँकर फिरत असताना इथले शेतकरी द्राक्षं विकत होते. आजही राज्यभरातून लोक हे गाव बघायला येतात.

पण या यशाची फोटोकॉपी करायला गेलं की घोळ होतो. लोकांना शेततळं दिसतं, त्याच्या आधी झालेलं पाणलोटाचं काम दिसत नाही. शेततळं दोन प्रकारे भरता येतं. एक म्हणजे रानातून वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवून. दुसरं म्हणजे विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून प्लास्टिकच्या अस्तरात साठवून. दुसऱ्या प्रकारात सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकाच्या तळ्यात येतं आणि उन्हाळाभर त्याची वाफ होत राहते. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर हा शहाणपणा आहे, कारण त्याची बाग जगते. गावाच्या बाजूने बघितलं तर तो तोटा असू शकतो. नेमकं काय घडतंय, हे पाऊस, उपसा, बाष्पीभवन आणि विहिरींची पातळी मोजल्याशिवाय सांगता येत नाही. ते मोजणं हाच एम.टेक.चा प्रबंध होऊ शकतो.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे 'पोकरा', २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झाला. पहिल्या टप्प्यातल्या १५ जिल्ह्यांत जालना होता. या प्रकल्पात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या मदतीने तयार झाली. पाऊस किती पडला, किती मुरला, किती वाहून गेला, पिकांना किती लागतं आणि तूट किती, हे गाव पातळीवर मांडायचं. बँकेच्या पासबुकासारखंच, फक्त रुपयांऐवजी पाणी.

मग शिकायचं कुठे?

जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या आयसीटीचं मराठवाडा कॅम्पस आहे, पण ते रासायनिक अभियांत्रिकीचं. सिव्हिलच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी सगळ्यात जवळचं मोठं सरकारी ठिकाण ६० किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगर. तिथलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. त्याच शहरात १९८० मध्ये स्थापन झालेली 'वाल्मी', म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था आहे. पाटबंधारे खात्याच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी ही संस्था सिंचनावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा तरी बघावी. तिकडे नांदेडला एसजीजीएस आहे.

पाणी आणि पर्यावरण याच विषयात जायचं असेल, तर नजर थोडी लांब टाकावी लागते. नागपूरच्या व्हीएनआयटीत एन्व्हायर्न्मेंटल आणि वॉटर रिसोर्सेस दोन्ही आहेत, शिवाय नीरी त्याच शहरात आहे. प्रयोगशाळेत रमणाऱ्यांसाठी ही जोडी उत्तम. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये एन्व्हायर्न्मेंटलचं एम.टेक. आहे, सांगलीच्या वालचंदमध्येही आहे. पुण्याच्या सीओईपीत पाण्याचे विषय आहेत, आणि धरणांच्या प्रतिकृती बांधून प्रवाहाचा अभ्यास करणारी १९१६ पासूनची खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था तिथून जवळ आहे.

आयआयटी मुंबईत तीन वेगवेगळी दारं आहेत, हे फार जणांना माहीत नसतं. सिव्हिल विभाग आणि पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी विभाग ही पहिली दोन. पर्यावरणच्या दारातून सिव्हिलखेरीज केमिकलसारख्या इतर शाखांचे विद्यार्थीही आत जातात. तिसरं दार म्हणजे 'सितारा', ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचा विचार करणारं १९८५ चं केंद्र. त्याच्या 'टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंट' या एम.टेक.मध्ये विद्यार्थ्यांना काही आठवडे गावात राहून काम करावं लागतं. भोकरदन किंवा मंठ्याच्या एखाद्या गावात वाढलेल्या मुलाला इथं इंग्रजीची भीती वाटेल, पण विहीर, बारव, नाला आणि पाळीपाळीने सुटणारं पाणी कुणी समजावून सांगावं लागणार नाही. मुंबईत वाढलेल्या वर्गमित्राला ते शिकावं लागतं.

गेट, कागदपत्रं आणि पैसे

दार कोणतंही असो, किल्ली बहुतेक वेळा एकच, ती म्हणजे गेट परीक्षा. तीन तास, १०० गुण. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. स्कोअर तीन वर्षं चालतो. सिव्हिलचा पेपर जुनाच आहे. २०२१ पासून एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंगचा वेगळा पेपरही सुरू झाला. पाण्याच्या शाखेत जायचंय म्हणून फक्त नवा पेपर द्यायचा विचार असेल, तर आधी हव्या त्या संस्था तो स्वीकारतात का हे बघावं. सिव्हिलच्या पेपरला जास्त दारं उघडी आहेत.

निकालानंतर एनआयटींसाठी 'सीसीएमटी' या सामायिक प्रक्रियेतून प्रवेश होतात. आयआयटीत प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करायचा आणि आलेली ऑफर 'कोअॅप' पोर्टलवर स्वीकारायची. राज्यातल्या कॉलेजांचे प्रवेश सीईटी कक्षामार्फत होतात. तिथं गेटवाल्यांना आधी संधी मिळते, पण गेट नसलेल्यांसाठी वाट पूर्ण बंद नसते.

गेट देण्याचं आणखी एक कारण म्हणजे पैसे. गेट पात्र असलेल्या पूर्णवेळ एम.टेक. विद्यार्थ्याला सरकारी नियमांनुसार दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, जास्तीत जास्त २४ महिने. मुंबईत राहायला ते पुरत नाही, पण वसतिगृह मिळालं तर घरून पैसे मागायची वेळ कमी येते. जिथं मोसंबीच्या एका खराब हंगामावर वर्षाचं गणित बिघडतं, त्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. बिनागेट प्रवेश घेतला तर हे विद्यावेतन नाही, फी मात्र आहे. एक वर्ष थांबून गेट नीट देणं अनेकदा स्वस्त पडतं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त फसगत होते ती ओबीसी दाखल्यात. आयआयटी-एनआयटीला केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. राज्यातले व्हीजे-एनटी हे प्रवर्ग केंद्रात त्या नावाने नाहीत. त्यातल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत येतात, पण आपली येते का हे यादीत बघूनच अर्ज भरावा. तहसीलमधली ही धावपळ निकालाच्या आठवड्यात करायची गोष्ट नाही.

परदेशात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना आहे. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. फक्त पाणी या एका विषयासाठी जगभर ओळखली जाणारी संस्था म्हणजे नेदरलँड्समधली १९५७ ची आयएचई डेल्फ्ट.

कुणी करू नये?

हे कॉलेजांच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. एमपीएससीच्या स्थापत्य अभियांत्रिकी सेवेसाठी पदवी पुरते. जलसंपदा, बांधकाम किंवा जलसंधारण खात्यात अधिकारी व्हायचं हेच ध्येय असेल, तर त्यासाठी एम.टेक. ही अट नाही. 'तोवर काहीतरी करत राहू' म्हणून घेतलेला प्रवेश बहुतेक वेळा ना धड अभ्यास होऊ देतो, ना धड शिक्षण. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवण्यासाठी मात्र एम.ई. किंवा एम.टेक. लागतंच. पण खासगी कॉलेजांतल्या पगारांची अवस्था आधी तिथं काम करणाऱ्या दोघा-तिघांना विचारून घ्यावी.

एम.टेक.चा खरा उपयोग होतो तो डिझाइनच्या कामात. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण योजना आखणाऱ्या सल्लागार कंपन्या, सांडपाणी प्रकल्प बांधणारे आणि चालवणारे ठेकेदार, कारखान्यांचे पर्यावरण विभाग, पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा अहवाल करणाऱ्या संस्था. २००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांना असा अहवाल देऊन आधी मंजुरी घ्यावी लागते. जालन्यातल्या स्टील उद्योगाला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, धूर गोळा करणारी यंत्रणा आणि भट्टीतून निघणारी मळी, म्हणजे स्लॅग, यांचा प्रश्न रोजचा आहे. ही स्लॅग रस्त्याच्या थरात किंवा काँक्रीटमध्ये खडीऐवजी वापरता येईल का, हा सिव्हिल आणि एन्व्हायर्न्मेंटल दोघांच्या सीमेवरचा विषय. जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेलाय, तेव्हा खडीची भूक किती असते हे इथं सांगायला नको. गावांकडे जलजीवन मिशनने माणशी ५५ लिटर नळाचं पाणी ठरवलंय. नळ बसवून झाल्यावर त्यात उन्हाळ्यात पाणी कुठून येणार, याचं उत्तर शोधणारे लोक अजून कमी आहेत.

दुसरं वर्ष जवळजवळ पूर्ण प्रबंधाचं असतं आणि बहुतेक जण विषय गाइडवर सोडून देतात. त्यापेक्षा पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यातच घरी आल्यावर माहिती गोळा करायला लागावं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताना मोजते. जिल्ह्याच्या कार्यालयात रीतसर पत्र दिलं की अशा नोंदींबद्दल विचारता येतं. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, विभागप्रमुखांच्या सहीचं असावं, आणि त्यात तालुका, गावं आणि कोणत्या वर्षांच्या नोंदी हव्यात हे नेमकं लिहिलेलं असावं.